माईंचा करार ऐकलात का?

अहो वहिनी, जरा या बरं कुंपणापाशी. कुकर होऊ दे, शिट्ट्या इथूनही ऐकू येतात. ऐकलंत का, माईंनी फ्लॅट भाड्याने दिला! हो हो, तोच, मागच्या सोसायटीतला टू बीएचके, माईंचे यजमान अण्णा गेल्यापासून बंद होता तो. आणि दिला तो असा दिला म्हणता...

माई कशा आहेत, तुम्हाला ठाऊक. नाही म्हणणं जन्मात जमलं नाही. त्यात भाडेकरू म्हटलं की पोटात गोळा, कारण माहेरचा सदाशिव पेठेतला वाडा. वडील गेले तरी खालचे बिऱ्हाडकरू महिन्याचे वीस-बावीस रुपये टेकवायचे, आणि वर नळाला पाणी नाही म्हणून भांडायचे. म्हणून माईंचे दीर पुढे सरसावले, "वहिनी, तुम्ही नका बघू, मी बघतो." ते बघतात म्हणजे काय, ते आपण त्यांच्या मुलीच्या लग्नात बघितलंय. असो.

तर काय सांगत होते, रविवारी बैठक. दीर, जाऊबाई, ब्रोकर, आणि मी. मी आपली अळूवडी द्यायला गेले होते! ब्रोकर म्हणतो, "अकरा महिन्यांचं करू, स्टँपपेपरवर नोटरी, अर्ध्या तासात विषय संपला." दिरांची मान डोलतेय. आणि माई चष्मा पुसत म्हणाल्या, "नोटरी नको. रजिस्टर करायचं. अकरा महिने असोत की दोन, आपल्या राज्यात नोंदणी लागतेच. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. आणि ती करायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही."

अहो, ब्रोकरची वडी हातातच राहिली! त्यांच्या सूनबाईने सगळं प्रिंट काढून दिलं होतं, आणि माईंनी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या.

दीर म्हणाले, "खर्च केवढा येईल!" तर हिशेबही तयार. भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार. अकरा महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, आणि त्याच्या पाव टक्का स्टँप ड्यूटी. म्हणजे पाच-सहाशे रुपये. नोंदणी फी हजार. "दलालीपेक्षा कमीच की," म्हणाल्या. ब्रोकर लगेच पाणी प्यायला उठला.

मग जाऊबाईंची पाळी. "नॉनव्हेज चालणार नाही, हे आधी लिहा." आता माई मूळच्या रत्नागिरीच्या. श्रावण संपला की त्यांच्या मागच्या दारातून काय वास येतो ते तुम्हाला-मला... हे इथेच ठेवा हं. माई एवढंच म्हणाल्या, "ते नको." जाऊबाईंचं तोंड असं झालं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

भाडेकरू म्हणजे जळगावचं जोडपं, दोघंही हिंजवडीला. मुलगी भारी चौकस! मसुदा ओळीओळीने वाचला. म्हणाली, "काकू, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार लिहिलंय, पण किती ते लिहिलेलं नाही. आणि एक महिन्याची नोटीस फक्त आम्हीच द्यायची?" दीर म्हणाले, सगळीकडे असंच असतं. माईंनी पेन घेतलं, रंगाची ओळ खोडली, नोटीस दोघांनाही सारखी केली, आणि डिपॉझिट किल्ली हातात आली त्याच दिवशी परत, असंही लिहून टाकलं. मग सामानाची यादी. पंखे चार, गिझर एक, चिमणी एक, आणि स्वतःच्या हाताने, "बेसिनला आधीपासून तडा आहे." मला हे फार आवडलं बाई. नाहीतर आपल्याकडे तो तडा जाणाऱ्या भाडेकरूच्या नावावर खपवतात.

चेअरमनचं राहिलंच की! ते म्हणे एनओसी लागेल, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज महिना दोन हजार. माई म्हणाल्या, "परवानगी कसली? आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. आणि चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, सरकारचा आदेश २००१ चा आहे." चेअरमन म्हणाले, "कमिटीत ठेवतो." कमिटीत ठेवतो म्हणजे संपलं, ते तुम्हाला माहितीय.

नोंदणी घरीच झाली. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला. आणि माईंचा अंगठा उठेना! जन्मभर भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे? अंगठा पुसला, बोटं बदलली, शेवटी एकदाचं मशीन हिरवं झालं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, ती सूनबाईने त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरून टाकली.

आणि आता खरी बातमी. जवळ या. काल जाऊबाईंचा सूनबाईला फोन! त्यांचा वाकडचा फ्लॅट आहे ना, दिरांनी नोटरीवर दिलेला? भाडेकरूने दोन महिने पैसेच दिले नाहीत, आणि आता म्हणतो, आपलं ठरलं होतं बारा हजार, अठरा नाहीच! दीर ओरडले, तर त्याने कलम ५५ दाखवलं. नोंदणीचा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात, खोटं ठरवायचं ते मालकाने. जाऊबाई विचारत होत्या, माईंनी ते प्रिंट कुठून काढले...