पावसाला कार्यारंभ आदेश कोणी दिला?

पाऊस मुळातच बेशिस्त, पण २०२५ साली त्याने कळस केला. २४ मे रोजी केरळात, दुसऱ्या दिवशी तळकोकणात आणि २६ मे रोजी थेट मुंबईत. मुंबईत यायची त्याची ठरलेली तारीख ११ जून. मधले पंधरा-सोळा दिवस त्याने कोणाच्या परवानगीने खाल्ले? आमच्या पालिकेच्या बांधकाम विभागात त्या दिवशी एकच हळहळ होती: "अहो, आमचा कार्यारंभ आदेश सहीला पडलाय, आणि हा आलासुद्धा!"

आमचं गाव 'ब' वर्ग नगरपालिकेचं. म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या वर आणि लाखाच्या आत. खड्डे पडायला पुरतील एवढे रस्ते आहेत, मात्र त्या खड्ड्यांची बातमी मुंबईच्या चॅनेलवर लागावी एवढी आमची ऐपत नाही. त्यामुळे पालिकेची बाजू मांडायला कोणी पुढे येत नाही. ते काम आज मी करतो.

लोक म्हणतात, पावसाळा दरवर्षी येतो हे पालिकेला ठाऊक नसतं का? ठाऊक असतं. पण नाला साफ करायचा म्हणजे खोरं घेऊन उतरायचं, असं नसतं. आधी अंदाजपत्रक. मग प्रशासकीय आणि तांत्रिक अशा दोन मान्यता. मग ई-निविदा. एकच निविदा आली तर फेरनिविदा, आणि तीत तोच एकटा पुन्हा आला तर त्याच्याशी वाटाघाटी. मार्चएन्डला गेल्या वर्षीची बिलं काढून लेखा विभाग दमलेला असतो. एप्रिलमध्ये निधीचं हेड सापडत नाही. मे महिन्यात हेड सापडतं, तर साहेब लग्नसराईत. एवढं सगळं जुळून येईपर्यंत मृग लागतो. यात पालिकेने नेमका उशीर केला कुठे, ते दाखवा.

आता गाळाबद्दल सविस्तर बोलू, कारण आमच्या गावात तोच खरा जुना रहिवासी. बाजारपेठेच्या मागून ओढा जातो. म्हातारी माणसं त्याला ओढा म्हणतात, पालिका नाला म्हणते, आणि बांधकाम परवान्यांच्या फायलीत तो नाहीच. दरवर्षी एक जेसीबी त्याच्या काठावर उभा राहतो. जिओ-टॅग फोटो निघतो. अक्षांश-रेखांश अचूक, गाळही अस्सल. मग बकेट खाली जाते आणि काठावर काळा ढीग पडू लागतो. त्यात थर्माकोलचं अर्धं मखर असतं, नारळाच्या शेंड्या असतात, एक चप्पल असते आणि गुटख्याच्या असंख्य पुड्या असतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तेव्हा या पुड्या वरच्या अंगाच्या गावातून वाहत आल्या असणार. प्लास्टिकच्या पिशव्यांचंही तेच. त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे, म्हणजे त्याही पाहुण्याच.

ढीग काठावरच का सोडतात? वाळायला. हे मला खुद्द मुकादमाने समजावलं. "ओला गाळ जड असतो साहेब. वाहतुकीचं बिल वजनावर. ओला उचलला तर पालिकेचं नुकसान नाही का?" त्याच्या प्रामाणिकपणापुढे मला बोलता येईना. गाळ वाळायला लागतो, तेवढ्यात वळीव येतो आणि चार दिवस माहेरपण करून लेक सासरी जावी तसा गाळ पुन्हा ओढ्यात जातो. पुढच्या मे महिन्यात परत निघतो. मोजमाप पुस्तिकेत दरवेळी त्याची नव्याने लांबी, रुंदी, खोली लिहिली जाते. एवढ्या वेळा मोजलेला नागरिक जनगणनेतही सापडायचा नाही.

२०२५ला मात्र पावसाने मोजायला अवधीच दिला नाही. ओढा भरला आणि गाळ, मखर, चप्पल सगळं घेऊन रातोरात भाजी मंडईत उतरला. लोकांनी बोंब मारली. मला विचाराल तर काम झालं होतं. गाळ नाल्याबाहेर काढायचा होता, तो निघाला. फक्त जेसीबीचं डिझेल वाचलं, आणि ते बिलातून वजा झालं की नाही, हे विचारणारं सभागृहात कोणी नव्हतं. तेव्हा सभागृहच नव्हतं. कित्येक वर्षं निवडणुका रखडल्या होत्या आणि पालिकेवर प्रशासक होते. गावात नगरसेवक दोनच प्रकारचे उरले होते, माजी आणि भावी. माजींना फोन केला तर ते म्हणत, "आता आमच्या हातात काय आहे?" भावींना केला तर ते फ्लेक्सवर हात जोडून उभे असत.

रस्त्यांचं शास्त्र त्याहून अवघड. डांबर ओल्या खडीला धरत नाही, पावसाळ्यात हॉटमिक्सचे प्लांट बंद असतात, म्हणजे जेव्हा खड्डे पडतात तेव्हा ते नीट भरता येत नाहीत, आणि जेव्हा नीट भरता येतात तेव्हा धुळीमुळे ते दिसत नाहीत. म्हणून मुरूम. मुरमाचा पावसात चिखल होतो, उघडीप पडली की धुरळा होतो. एकाच खर्चात दोन ऋतू. गणपती जवळ आले की मिरवणुकीच्या वाटेवर पोत्यातलं कोल्डमिक्स पडतं. बाप्पा ज्या गल्लीतून जात नाहीत तिथल्या लोकांनी मंडळ काढावं, हा त्यावरचा साधा उपाय.

कोणी म्हणेल, दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने पदरमोड करून दुरुस्त करायचा असतो ना? असतो. पण त्या कालावधीत कोणीतरी केबलसाठी नाही तर नळासाठी चर खणून जातं. मग खड्डा मूळ रस्त्याचा की चरातला, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. फाईल जाडजूड होते, खड्डाही होतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला तर वारसांना ६ लाख, आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या. आमच्याकडे त्याचा परिणाम लगेच दिसला. कुठला रस्ता आपला नाही, याचा शोध पालिकेने जोरात हाती घेतला. स्टँडसमोरचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला, पुलाजवळचा हद्दीबाहेर गेला, आणि शाळेपुढचा कोणाचा ते कळावं म्हणून समिती नेमायचं ठरलंय. तोवर तिथे विटा मांडून त्यात झाडाची फांदी रोवली आहे. फांदीला पालवी फुटलीय, म्हणजे वृक्षारोपणाचं उद्दिष्टही थोडं पुढे सरकलं.

डिसेंबर २०२५च्या निवडणुकीनंतर आता खरे नगरसेवक आले आहेत. कडक इस्त्रीत ते नालापाहणीला येतात, नाल्याकडे बोट दाखवतात, फोटो होतो. आमच्या प्रभागाचे परवा आले तेव्हा मी त्यांच्या कानावर एवढंच घातलं: आमच्या गल्लीतल्या गटारावर झाकण नव्हतं. अर्ज करून थकलो, शेवटी घरटी वर्गणी काढून आम्हीच एक लोखंडी झाकण बसवलंय. त्यावर 'यांच्या प्रयत्नांतून' अशी पाटी लावायला आमची काही हरकत नाही. फक्त ती ठोकण्यासाठी झाकणाला भोकं पाडू नका.