चकाकीचं प्रकरण प्रलंबित आहे

घरच्या घरी, स्वतःच्या हाताने लाकडाची वस्तू करणाऱ्या माणसावर एक अन्याय ठरलेला असतो. त्याने जिथे खरा घाम गाळला, तिथे कोणी बघत नाही. मी एक टीपॉय केला. एका जुन्या वाड्याच्या पाडापाडीत निघालेली सागवानी चौकट मिळवली, तिच्यातले गंजके खिळे उपसले, रंधा मारला, पायांत खाचा पाडून त्यात कुसू बसवले. अख्ख्या टीपॉयला एकही स्क्रू नाही. या सांध्यांबद्दल आजवर एकाही नागरिकाने चौकशी केलेली नाही. एकदा पाहुण्यांना कळावं म्हणून मी स्वतःहून टीपॉय उलटा करून दाखवला, तर सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, चहा आणतेय, सरळ करा ते." वरच्या फळीवर बोट फिरवून तिच्या चकाकीबद्दल मत नोंदवण्याचा अधिकार मात्र कुरिअरवाल्यापासून सर्वांना आहे, आणि सर्वजण तो विनाविलंब बजावतात.

तुम्हीही या वाटेने गेला असाल तर बसा, चहा घ्या. तुम्हाला प्रकरण नव्याने समजावून सांगायला नको. ज्यांनी आयुष्यात फक्त तयार फर्निचर घेतलं, त्यांच्यासाठी सुरुवातीपासून सांगतो.

लाकूड घासून गुळगुळीत झालं की माणूस पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, आणायला हार्डवेअरच्या दुकानात जातो. काउंटरवरच्या गृहस्थांना मी म्हटलं, "लाकडाला मारायचं पीयू द्या."

"कोणतं देऊ?"

"पारदर्शक."

"ते कळलं हो. ग्लॉस, सेमी ग्लॉस, सॅटिन, मॅट, का डेड मॅट?"

"यांच्यात फरक किती?"

"तसा थोडाच."

"मग कोणतं घेऊ?"

"आता ते तुमच्या आवडीवर."

दुकानदार 'तुमच्या आवडीवर' म्हणाला की ओळखावं, यापुढच्या सर्व तक्रारी आपल्या खाती जमा झाल्या. त्याने नमुने दाखवले. नमुने म्हणजे तळहाताएवढे प्लायचे तुकडे, एका तारेत ओवून भिंतीवर उभे टांगलेले, वर ट्यूबलाइट. माझा टीपॉय आडवा आहे, गॅलरीच्या दाराशी आहे आणि सागवानी आहे. या तिन्ही बाबतीत नमुन्यांनी कोणतीही माहिती देण्याचं नाकारलं. वर एका कंपनीचं मॅट दुसऱ्या कंपनीच्या सॅटिनपेक्षा जास्त चमकत होतं. हे निदर्शनास आणून दिल्यावर गृहस्थ म्हणाले, "कंपनी-कंपनीचं वेगळं असतं." विषय संपला.

आता खरी गोष्ट ऐका, म्हणजे तुमचंही रक्त तापेल. चकाकी मोजता येते. त्यासाठी ग्लॉसमीटर नावाचं खिशात मावणारं यंत्र आहे. ते पृष्ठभागावर ठरावीक कोनातून प्रकाश टाकतं आणि तितक्याच कोनातून परत किती आला ते मोजतं. गुळगुळीत काळ्या काचेला शंभर गुण धरायचे आणि बाकी जगाला त्या पट्टीवर तोलायचं. कोन साधारणपणे साठ अंशांचा. तिथे सत्तरच्या वर गुण आले तर वीस अंशांनी पुन्हा मोजा, दहाच्या खाली आले तर पंच्याऐंशी अंशांनी मोजा, इतकी बारीक व्यवस्था आहे. 'आयएसओ 2813' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे जगभरचे शहाणे लोक एकत्र बसले, त्यांनी माझा प्रश्न अंकांत सोडवला, आणि माझ्या हातात जो डबा आला त्यावर एकही अंक नाही. डब्यावर काय आहे? एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. त्या कुटुंबासमोरच्या टेबलाची चकाकी फोटोवरून ठरवावी तर डब्याचा कागदच चकचकीत.

बरं, अंक मिळाला असता तरी माझी सुटका नव्हती, कारण त्या साठ अंशांत दुसरी मेख आहे. हे अंश उभ्या रेषेपासून मोजतात. मी घरी टेप घेऊन हिशोब केला. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे टीपॉयच्या फळीपेक्षा सव्वादोन-अडीच फूट वर असतात. चार फुटांवर बसलेला माणूस फळीकडे बरोब्बर साठाच्या आसपास बघतो. दाराजवळच्या खुर्चीतला, अकरा-बारा फुटांवरचा, ऐंशीच्या घरात जातो. आणि नजर इतकी तिरपी झाली की मॅटसुद्धा चमकतं. हा प्रकाशाचा नियम आहे, त्याला कंपनी काही करू शकत नाही. परिणाम असा की दाराजवळच्या खुर्चीतून मामा म्हणतात, "फारच चकाकतं रे हे, डोळ्यावर येतं." त्याच क्षणी टीपॉयवर वाकून उभी असलेली आई म्हणते, "कुठे चकाकतंय? अगदी मढं दिसतंय." दोन्ही साक्षीदार खरं बोलत आहेत आणि आरोपी मी आहे.

आईचा मुद्दा स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे, कारण घरात तीच सक्षम प्राधिकारी आहे. तिच्या मते पॉलिश म्हणजे वाकून बघितल्यावर आपलं तोंड दिसलं पाहिजे. तिच्या माहेरच्या कपाटात दिसायचं. त्या कपाटाला चपड्याचं पॉलिश होतं. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बसणारा एक बारीक किडा ती तयार करतो. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात बांधायचा आणि पॉलिशवाल्याने दिवसच्या दिवस हात फिरवत बसायचं. तेव्हा सॅटिन घेऊ का मॅट, असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. पॉलिशवाल्याच्या दंडात जेवढा दम, तेवढी चकाकी. गरम कप ठेवला की त्यावर पांढरं वर्तुळ उमटायचं, पण त्याला जबाबदार कप ठेवणारा धरला जायचा, पॉलिश करणारा नाही. सावंतवाडीची लाकडी फळं घ्या. लालबुंद, चकचकीत. त्यातला आंबा डेड मॅटमध्ये मिळेल का, असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

याउलट माझी मुलगी. तिने मोबाईलवर काही परदेशी घरं दाखवली. त्यात सगळं लाकूड असं दिसतं, की नुकतंच झोपेतून उठलंय आणि त्याला कोणाशी बोलायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, ग्लॉस नको. लग्नाच्या हॉलसारखं वाटतं." सौभाग्यवतींनी हरकत घेतली नाही आणि संमतीही दिली नाही. त्या म्हणाल्या, "पुसायला सोपं असलं म्हणजे झालं." हा शेरा वाचून तुम्हाला कोणता डबा उचलावासा वाटतो, ते मला कळवा.

मी मॅट घेतलं. भीतीपोटी नाही, अभ्यासपूर्वक. ग्लॉस सगळं दाखवतं. आडवा मारलेला पॉलिश पेपरचा एक ओरखडा असला तरी संध्याकाळच्या उन्हात तो सहीसकट समोर येतो. शिवाय सागवानाला जागोजागी उघडी रंध्रं असतात. ती नीट भरून घेतली नाहीत तर चकचकीत फळीवर बारीक रेघोट्यांची रांग दिसते. आणि आमची गॅलरी नाल्याच्या बाजूला आहे. एका तुकड्यावर मी ग्लॉसचा हात मारून ठेवला होता. सकाळी बघतो तर मधोमध एक चिलट, सहाही पाय पसरून, कायमचं स्थायिक झालेलं. पीयू त्याच्यावरून इतकं सुंदर वाहून गेलं होतं, की त्याच्या पंखांच्या शिरा मोजता येत होत्या. हे टीपॉयच्या मध्यभागी झालं असतं तर आईला तोंडाबरोबर तेही दिसलं असतं.

आता मॅटचं अंतरंग. डब्यात मॅट नावाचं वेगळं काही रसायन नसतं. असतं ते ग्लॉसच, त्यात सिलिकाची अतिबारीक पूड मिसळलेली. थर वाळताना आकसतो, ही पूड पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारे उंचवटे करते आणि प्रकाश सरळ परत न जाता विखुरतो. थोडक्यात, आधी चमकणारी वस्तू बनवायची, मग ती चमकू नये म्हणून तीत भुकटी घालायची. आणि या भुकटीयुक्त डब्याला दुकानदार ग्लॉसपेक्षा जास्त पैसे मागतो. चकाकी दिल्याचे पैसे मी समजू शकतो. चकाकी परत घेतल्याचे जास्त पैसे, हे कुठल्या कलमाखाली बसतं?

ही भुकटी तळाशी बसते. त्यामुळे डबा ढवळायचा. हलवायचा नाही, हलवला तर बुडबुडे येतात. मधूनमधून ढवळत राहायचं, कारण ती परत बसते. न ढवळणाऱ्याला वरच्या अर्ध्या डब्यात ग्लॉस मिळतं आणि खालच्या अर्ध्यात खडू. मी ढवळलं. इतकं ढवळलं, की शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, "काय, बासुंदी का?"

पण सर्वांत क्रूर तरतूद पुढे आहे. मॅटचे हातावर हात मारत गेलं, तर भुकटीचे थर साचून लाकूड धुरकट दिसू लागतं. म्हणून जाणकार सांगतात, खालचे हात ग्लॉसचे मारा आणि फक्त शेवटचा मॅटचा. म्हणजे डबे दोन. ग्लॉसचे हात पडले, मध्ये घासून झालं, पुन्हा पडले, आणि त्या दुपारी टीपॉय असा काही चमकला की आईने चष्मा लावून पाहिलं, स्वतःचं तोंड पाहिलं, पदर सारखा केला. "हे बघ, आता कसं दिसतंय!" ती म्हणाली. शेजारी सांगून आली. आणि मी दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत तो मॅटचा शेवटचा हात मारला. ओला असताना तोही चमकतो, हे आणखी एक. त्यामुळे तासभर तिला काही कळलं नाही. मग कडेकडेने चमक मावळत मध्यापर्यंत आली. आई काही बोलली नाही. संध्याकाळी फोनवर मावशीला म्हणाली, "चांगलं केलं होतं गं त्याने. मग काय डोक्यात आलं कोणास ठाऊक."

तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप उचलतो, फळीवरून हात फिरवतो आणि विचारतो, "छान झालाय. पॉलिश कधी करणार?"

एकाने नाही, जवळपास सर्वांनी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर त्यांच्या ओळखीच्या पॉलिशवाल्याचा नंबर दिला. मी प्रत्येकाला सांगतो, पॉलिश झालेलं आहे. त्यावर समोरचा 'अच्छा' म्हणतो. या 'अच्छा'मध्ये किती सहानुभूती असते, ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. कष्ट करून, जास्त पैसे मोजून, दोन डबे ढवळून माणसाने काम पूर्ण करायचं, आणि ते जितकं नीट झालं तितकं अपूर्ण दिसायचं! ग्लॉस मारणाऱ्याच्या वाट्याला हे कधीच येत नाही. त्याचं काम कितीही भिकार असो, झालं आहे हे लोकांना अंधारातही कळतं.

काही जणांनी मध्यममार्ग सुचवला. ग्लॉसच ठेवायचं आणि शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने घासून, वर मेण लावून हवं तिथे उतरवायचं. चकाकी उतरवता येते, चढवायची म्हणजे पुन्हा नवा हात. सल्ला रास्त आहे, पण 'हवं तिथे' म्हणजे नेमकं कुठे, यासाठी पुन्हा आई, मुलगी आणि मामा यांची बैठक बोलवावी लागेल.

दरम्यान काळाने आपली कार्यवाही सुरू केली आहे. घासलं की ग्लॉस मंद होतं, हे सर्वांना माहीत असतं. मॅट घासलं की चमकायला लागतं, हे डब्यावरचं हसरं कुटुंब सांगत नाही. ते वरचे सूक्ष्म उंचवटे हाताने, कापडाने, वर्तमानपत्राने झिजून सपाट होतात. चिरंजीव टीव्ही बघताना टीपॉयवर पाय ठेवतात, तर त्यांच्या दोन टाचांच्या जागी दोन चकचकीत बेटं तयार झाली आहेत. रिमोट सरकतो त्या वाटेवर एक पट्टा उजळला आहे. आई येताजाता फक्त तो पट्टाच पुसते. "इथे बघ," ती म्हणते, "आतलं पॉलिश वर यायला लागलंय."

शेवटी सौभाग्यवतींनी आदेश काढला. पुसायला सोपं, टाचांपासून संरक्षण आणि वाद कायमचा बंद, या तीन कारणांसाठी टीपॉयवर काच टाकायची. काच. म्हणजे ग्लॉसमीटरच्या त्या शंभर गुणांच्या पट्टीची सख्खी बहीण, माझ्या मॅटच्या बरोब्बर डोक्यावर. मी लेखी हरकत नोंदवावी का, या विचारात होतो, तेवढ्यात काचवाला मापं घ्यायला आलाही. त्याने टेप लावला, कडा बघितल्या, हात फिरवून 'पॉलिश बाकी आहे वाटतं' असं म्हटलं, आणि कानावरची पेन्सिल काढून मला विचारलं, "साहेब, काच साधी टाकू का फ्रॉस्टेड?"

आईने आतून 'साधी' म्हटलं. मुलीने आतून 'फ्रॉस्टेड' म्हटलं. काचवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काय ते तुमच्या आवडीवर."