कार्यअहवालाची पोच, जुन्नर-आंबेगावहून

प्रति,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई 32

विषय : लोकसेवेतील कामगिरीचे अहवाल पावल्याबाबत, व त्यांतून नजरचुकीने राहून गेलेल्या नोंदींबाबत.

महोदय,

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही अर्जदार तालुके शासनाचे अहवाल भक्तिभावाने वाचतात. शंभर दिवसांचा कार्यक्रम वाचून झाला, त्यामागून आलेला दीडशे दिवसांचाही झाला. कोणत्या खात्याचे संकेतस्थळ सुधारले, कोणत्या कचेरीतल्या जुन्या फायलींची धूळ झटकली गेली, हे कळल्यावर दोघांचाही ऊर भरून आला. तक्रार एकच आहे. शासन फार विनयशील आहे. या डोंगराळ टापूत त्याने जे करून दाखवले, त्यातले मोठे काम अहवालात आलेलेच नाही.

पहिला मान बिबट्याचा. शासनाच्या एकूण एक योजना एकाच लाभार्थ्यापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण राज्यात शोधायचे झाले, तर ते जुन्नर वनविभागातच सापडेल. कुकडी प्रकल्पाने माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे दिली. पाण्यामागून ऊस आला, उसासाठी विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने उभे राहिले. वर्षभर उभा राहणारा, आत माणूस न फिरकणारा हा फड बिबट्याला जंगलापेक्षा सोयीचा वाटला, यात त्याची काय चूक? पाणी पाटाला, खायला कुत्री आणि शेळ्या, बाळंतपण उसात. तोडणी सुरू झाली की सरीत बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसे ती क्रेटखाली ठेवून रात्र काढतात आणि मादी येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. जखमी झालाच, तर माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजरा, औषध आणि डॉक्टर. घरकुल, पाणी, पोषण, आरोग्य असे सारे काही, आणि तेही ई-केवायसीशिवाय! लाडक्या बहिणींना ही शेवटची सवलत विशेष खुपेल.

ऊर्जा खात्याचे योगदानही येथे नोंदवले पाहिजे. बिबट्या रात्री बाहेर पडतो. शेतीपंपाची थ्री फेज वीजही आलटून पालटून रात्रीच्या पाळीला येते, म्हणून शेतकरीही बॅटरी घेऊन रात्रीच बाऱ्याला जातो. दोघांच्या कामाच्या वेळा जुळवून आणणे हे दोन खात्यांच्या समन्वयाचे काम आहे आणि समन्वय ही प्रशासनातली सर्वांत दुर्मीळ वस्तू.

या विषयात शासनाचा अभ्यास जुना आहे. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर परिसरात हल्ले वाढले, तेव्हा बिबटे धरधरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा मागोवा घेतला. निष्कर्ष सरकारी कानाला गोड लागणारा नव्हता: जिथे बिबटे नेऊन सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. अभ्यास छापून आला, जगभर वाचला गेला. पिंजरा लावा आणि उचलून न्या, ही गावोगावची मागणी मात्र आजही तीच आहे, कारण तिच्याऐवजी काय करायचे ते गावाला कोणी नीट बसून सांगितले नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यात, पण याच वनविभागात, पिंपरखेड परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन लहान मुले होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. त्यानंतर शासन हलले आणि मग भलतेच हलले. नेमबाज आले, पिंजरे आले, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे भोंगे आले, दिवसा विजेचा शब्द आला, पाच बिबट्यांच्या प्रायोगिक नसबंदीला केंद्राची परवानगी आली. तोवर गावातल्या बायकांनी खिळे लावलेले पट्टे गळ्यात घालून शेतात जायला सुरुवात केली होती. धनगराच्या कुत्र्याला लांडग्यापासून वाचवायला जो पट्टा घालतात, तोच. महिला सुरक्षेच्या प्रकरणात अहवालाने या स्वयंरोजगारी उपायाचा उल्लेख करायला हरकत नाही.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब मांडला. मृत्यूमागे पंचवीस लाखांची भरपाई, चार मृत्यूंचे एक कोटी होतात. त्यापेक्षा कोटीभराच्या शेळ्याच जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबट्या गावात येणार नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. त्या शेळ्या बिबट्यांच्या हवाली करण्याची कल्पना मात्र नवी आहे. फक्त एवढेच की हा बिबट्या जंगलात राहतच नाही. तो उसात जन्मला, उसात वाढला. शेळ्यांना जंगलात सोडल्यावर त्यांची नि त्याची गाठ घालून द्यायला एखादा समन्वय अधिकारी नेमावा लागेल. त्याच अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. लोक हसले, छायाचित्रे झाली. अर्जदारांना त्यात समाधान एवढेच की निदान एका बिबट्याला तरी रीतसर प्रवेश मिळाला.

दुसरी नोंद रेल्वेची. पुणे-नाशिक अर्ध-अतिजलद मार्ग, 235 किलोमीटर, सोळा हजार कोटींच्या घरातला. राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतल्या महारेलने तो आखला. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ही स्थानके नकाशावर उमटली. मोजण्या झाल्या, निवडणुका झाल्या, टोमॅटो मुंबईला किती तासांत पोहोचेल याचे हिशेब पारावर झाले. मग लक्षात आले की वाटेत खोडदची रेडिओ दुर्बीण आहे. ती काही रात्रीतून उगवलेली नाही. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, नव्वदच्या दशकापासून उभ्या आहेत. रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून तर शास्त्रज्ञांनी ही जागा निवडली. आकाशगंगांपलीकडून येणारी कुजबुज टिपणारे हे यंत्र जमिनीवरच्या आराखड्याला मात्र सर्वांत शेवटी ऐकू आले. डिसेंबर 2025 मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की मार्ग आता शिर्डीवरून जाईल. अर्जदार दुर्बिणीच्या बाजूने आहेत, हे स्पष्ट करावे. जगात एवढे मोठे वैज्ञानिक वैभव किती तालुक्यांच्या वाट्याला येते? मात्र आधी नकाशा पाहायचा की आधी घोषणा करायची, यावर एखादा शासन निर्णय निघावा.

तिसरी नोंद थट्टेने लिहिता येत नाही.

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगावातले माळीण डोंगराखाली गेले. 151 माणसे गेली. ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. रोजची फेरी घेऊन तो गेला आणि जिथे गाव होते तिथे चिखल पाहून परत फिरला. त्या दिवशी त्या दरीपर्यंत वेळेवर पोहोचलेली सरकारी सेवा तेवढी एकच. शासन दरवर्षी एसटीच्या तोट्याचे आकडे देते, त्या तक्त्यात ही फेरी कुठल्या रकान्यात धरली आहे, ते कळावे. पुढे आमडे येथे नवे गाव उभे राहिले आणि एप्रिल 2017 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरे दिली गेली. आराखड्यासकट, शाळेसकट, देखणे गाव. पहिल्याच पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले, आणि एकदा डोंगर पाहिलेली माणसे पुन्हा रात्रभर जागी राहिली. बैल गेला नि झोपा केला म्हणावे, तर झोपाही ओलाच निघाला. धोकादायक गावांच्या याद्या तेव्हापासून होत आहेत. 2023 मध्ये रायगडात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती वाडी यादीत नव्हतीच, असे सभागृहात सांगण्यात आले.

पाण्याविषयी थोडक्यात. कुकडीचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते आणि जावे. डिंभ्याच्या फुगवट्याला लागून असलेल्या आदिवासी वाड्यांत मात्र उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते. खाली अथांग जलाशय, वर कोरडा नळ. 2020 च्या निसर्ग वादळात याच लोकांची हिरड्याची झाडे मोडली. भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षे घोडेगावपासून मुंबईपर्यंत चपला झिजवाव्या लागल्या. चपलांचा खर्च मागण्याचा विचार तूर्त नाही.

पर्यटनाच्या बाबतीत अर्जदार कृतज्ञ आहेत. 2018 मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुका घोषित केले गेले. जुलै 2025 मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आंबेगव्हाणच्या बिबट सफारीची घोषणा एवढ्यांदा झाली आहे की ती ऐकायलाच पर्यटक यावेत. शासनाने आपल्या वातानुकूलित बसलाही शिवनेरीचे नाव दिले. ती गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रसिद्ध आहे, गडाच्या पायथ्याशी लाल परीच येते.

कामगिरी लिहून ठेवण्याची हौस या खोऱ्याला परकी नाही. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिकेने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची यादी भिंतभर कोरली आहे. आजच्या जाहिरातीपेक्षा ती लांब भरेल. पण जुन्नरजवळच्या मानमोडीच्या डोंगरात दुसरा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये मंडप आणि पाण्याचे टाके दिल्याचा. अधिकाऱ्याचे नाव, वर्ष, कामाचे स्वरूप, सगळे मोजक्या ओळींत. जलजीवनच्या निळ्या फलकांसाठी हा नमुना शासनाने तपासून पाहावा. त्यात मान्यवरांच्या छायाचित्रांना जागा नाही, ही उणीव आहे. ती भरून काढता येईल, पण पाणी प्रत्यक्ष आल्याची तारीख एवढा एक रकाना वाढवून द्यावा, ही विनंती.

कळावे,

आपले आज्ञाधारक,
जुन्नर व आंबेगाव तालुके

ता. क. : या अर्जाच्या चौकशीसाठी अधिकारी पाठवायचा झाल्यास दिवसा उजेडी पाठवावा. शेतकरी त्या वेळी झोपलेले असतील. त्यांची पाळी रात्रीची आहे.