हवेचं सोवळं

दोन वर्षांपूर्वी आम्ही कॅनडातल्या सस्काटूनच्या आमच्या घराच्या फटी बुजवल्या. खिडक्यांना तिहेरी काचा बसवल्या, माळ्यावर फोम मारला, दाराखाली ब्रश लावला. पैसे मोजले. यंदा त्याच घराच्या भिंतीला सहा-सहा इंचांची दोन भोकं पाडून घेतली. त्याचेही पैसे मोजले.

झालं असं, की फटी होत्या तोवर घर आपोआप श्वास घ्यायचं आणि गॅसचं बिल बघून आम्हाला धाप लागायची. फटी गेल्या, तशी अंघोळीची, कुकरची आणि चार माणसांच्या श्वासाची वाफ घरातच मुक्कामाला राहिली. जानेवारीत काचांवरून ओघळ, कपाटामागे काळी बुरशी. खिडकी उघडावी, तर बाहेर उणे २९. म्हणून हा हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर, म्हणजे एचआरव्ही.

हे यंत्र माझ्या आजीला पाच मिनिटांत कळलं असतं. बाहेर निघालेली उबदार शिळी हवा आणि आत येणारी गार ताजी हवा पातळ पडद्यांच्या एकाआड एक गाळ्यांतून शेजारशेजारून जातात. शिवाशीव नाही, फक्त ऊब पलीकडे जाते. (ईआरव्ही नावाचं त्याचं भावंड दमटपणाही पलीकडे जाऊ देतं. तिथे सोवळं जरा सैल.)

विक्रेता म्हणाला, ७० टक्के ऊब परत. हिशेब मांडला. घरात २१, बाहेर उणे २९, फरक ५० अंशांचा. त्यातले ३५ वसूल. म्हणजे झोपायच्या खोलीत येणारी ताजी हवा ६ अंशांची. फ्रिजमधली कोथिंबीर जिथे राहते, तिथली! शिवाय या यंत्रांची चाचणी ० आणि उणे २५ अशा दोन तापमानांना होते. विक्रेत्याच्या तोंडी कुठला आकडा असतो, हे सांगायला नकोच.

तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? ही विद्या आमच्याच प्रांतातली. तेलसंकटानंतर, १९७७ साली, अभियंते हॅरॉल्ड ऑर आणि मंडळींनी रेजायनात एक घट्ट बंद घर बांधलं आणि त्यात असलाच उष्णता-विनिमयाचा खोका बसवला. त्या घराची मिरवण्याजोगी सौर यंत्रणा पुढे काढून टाकली. खोक्याने मात्र जगभर संसार थाटला.

तर बसवणारे आले. यंत्र तळघराच्या तुळयांना पट्ट्यांनी टांगलं, म्हणजे थरथर वर पोचत नाही. आपलीच उष्टी हवा परत आत येऊ नये, म्हणून दोन भोकांत सहा फुटांचं अंतर ठेवलं. बर्फात बुडू नये म्हणून हवा घेणारं तोंड जमिनीपासून दीड फूट वर. इथवर शाबास. मग लवचीक नळ्या झोळीसारख्या लोंबत सोडल्या आणि न्हाणीघरातल्या जाळीला टिश्यू पेपर लावला. तो चिकटला. झालं, बिल हातात! “आत किती येते, बाहेर किती जाते, मोजलंत का?” असं विचारलं, तर भाजीवाल्याकडे काट्याचं प्रमाणपत्र मागितल्यासारखा चेहरा केला त्यांनी.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या माणसाला बोलावलं. हा दाबमापक घेऊन आला. मिनिटाला ९० घनफूट हवा बाहेर जात होती आणि ५० आत येत होती. उरलेली ४० घर आणणार कुठून? बुजवायची राहून गेलेल्या फटींतून. आणि तेही पुरलं नाही, तर गॅसच्या गिझरच्या धुराड्यातून उलटी, कार्बन मोनॉक्साइडसकट. त्याने दोन झडपा फिरवल्या, नळ्या ताणून बांधल्या. पाऊण तास. यंत्र विकायला तिघं आले होते. मोजायला हा एकटा, आणि तोही मी शोधला म्हणून.

आता यंत्र रात्रंदिवस मंद गुणगुणतं. काचा कोरड्या आहेत. गेल्या महिन्यात साताऱ्याहून आई आली. पहिल्याच तिन्हीसांजेला, उणे २५ असताना, तिने पुढचं दार सताड उघडलं.

“अगं, काय करतेस?”

“दिवेलागण झाली. लक्ष्मी यायची वेळ.”

“आई, लक्ष्मी आता तळघरातून येते. गाळून.”

तिने दार लावलं, खाली जाऊन खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “गाळणं कधी धुतलंस रे?”

झाकण उघडलं. आत करड्या रंगाची गोधडी.