सात घोडे आणि सिल्क बोर्ड

बेंगळुरूच्या मराठी दिवाणखान्यांत सोनेरी चौकटीतले घोडे हटकून दिसतात. थाट इंग्रजी, रंग तैल, संख्या वास्तुशास्त्राप्रमाणे सात. तोंडं घराच्या आत, नाहीतर लक्ष्मी टापांसकट बाहेर! इंग्लंडच्या चित्रकार जॉर्ज स्टब्जनं घोडा कळावा म्हणून मेलेले घोडे महिनोन् महिने सोलले. इथे वास्तुवाल्याचं होकायंत्र पुरतं. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनचे घोडे बजेटबाहेर. याच बेंगळुरूची जहागीर सांभाळणारे शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले, पण तो प्रसंग कुणी भिंतीवर टांगत नाही. लाभत नाही म्हणे. चित्राचे मालक, शेकडो अश्वशक्तीच्या गाडीत, सिल्क बोर्ड चौकातल्या कोंडीत सिग्नलला अजून पहिल्याच गिअरमध्ये आहेत.