भयशून्यतेचे पाच गुण

आमचा पुतण्या यंदा तालुक्याच्या गावी शाळेत दहावीस असून, इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच छापलेली रवींद्रनाथांची निर्भय मनाविषयीची कविता तो परवा ओसरीवर घोकीत बसला असता, जन्मभर इंग्रजीच शिकवून सेवानिवृत्त झालेल्या आम्हांस राहवले नाही, आणि ज्या कवीने आपले बंगाली काव्य आपणच इंग्रजीत उतरवले व ज्याला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्याविषयी चार शब्द सांगावेत म्हणून आम्ही पुढे सरसावलो. पुतण्याने बोट ओळीवर तसेच ठेवून मान वर केली.

"काका, कवीला अर्धाच गुण आहे," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे यथार्थ होते. रसग्रहणाच्या प्रश्नास पाच गुण मुक्रर असून, त्यांची वाटणी जुन्या कुळकर्ण्याने भाऊबंदकीतल्या शेताची करावी इतकी चोख आहे: कवितेच्या नावास अर्धा, कवीच्या नावास अर्धा, यमकरचनेस एक, अलंकारास एक, आणि उरलेले दोन मध्यवर्ती कल्पनेस, मात्र ती कल्पना दोन-तीन ओळींत मावली पाहिजे, कारण विचार ऐसपैस झाला की तपासणाऱ्याची मुदत टळते.

ह्यातील यमकाचे प्रकरण विशेष चिंतनीय आहे. मूळ बंगाली रचना 'नैवेद्य' ह्या १९०१ सालच्या संग्रहातली, आणि ती सयमक. इंग्रजीत आणताना कवीने यमक टाकून दिले व गद्याची मोकळी चाल पत्करली. तेव्हा परीक्षार्थ्याने 'यमक नाही' एवढेच लिहावयाचे, आणि जे नाही ते नाही म्हटल्याबद्दल अखंड एक गुण पदरात पाडून घ्यावयाचा. म्हणजे कवितेत नसलेल्या वस्तूचे मोल ती लिहिणाऱ्याच्या दुप्पट ठरले! इंग्रजी 'गीतांजली'त ह्या कवितेचा अनुक्रमांक ३५ आहे, आणि शंभरांपैकी उत्तीर्ण होण्यासही ३५च लागतात, हा निव्वळ योगायोग असावा असे आम्हांस वाटत नाही. रवींद्रनाथ द्रष्टे होते.

पूर्वी आमच्याकडे इंग्रजीचा आरंभ पाचवीत होई. २००० सालापासून तो पहिलीत होऊ लागला, त्यामुळे जी भीती मुलास दहाव्या-अकराव्या वर्षी वाटावयाची ती सहाव्या वर्षीच वाटू लागली, आणि दहावीपर्यंत तिची चांगली मशागत होण्यास सवड मिळाली. विष्णुशास्त्र्यांच्या काळापासून ह्या भाषेस वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात आहे. दूध कोठे गेले ते ठाऊक नाही, वाघीण मात्र वर्गात नियमाने हजर असते.

तिच्यापासून मुलांचे रक्षण करण्याची युक्ती आम्ही शिक्षकांनीच शोधून काढली. मास्तरांनी इंग्रजी ओळ वाचावी, श्वास न घेता तिचे मराठी सांगावे, मुलांनी मराठी तेवढे ऐकावे, व उत्तर गाईडातून उतरून घ्यावे, अशी ही रीत असून, जुन्या घरांत सून सासऱ्यासमोर येत नसे तद्वत विद्यार्थी आणि भाषा दहा वर्षे एका छपराखाली नांदूनही त्यांची दृष्टादृष्ट होत नाही. शाळेच्या हाती वीस गुण असतात, त्यांत संभाषणाचीही परीक्षा असते. ज्याच्या मुखातून वर्षभरात 'येस सर'पलीकडे अक्षर निघालेले नाही, त्यालाही आम्ही सतरा-अठरा देत आलो. बाईंनी किंवा सरांनी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नास 'येस सर' हे उत्तर आमच्याकडे चालते.

व्याकरणाच्या तासाविषयी बोलताना मात्र रेनसाहेबांचे स्मरण केले पाहिजे. रेन आणि मार्टिन ह्यांचा तो जाडजूड ग्रंथ ज्याच्या टेबलावर नाही असा इंग्रजीचा मास्तर आम्ही पाहिला नाही. पण हे रेन एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, कराचीस हेडमास्तर होते, आणि पुढे १९२४ साली त्यांनी फ्रान्सच्या परदेशी फौजेवर 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली, हे फार थोड्या मास्तरांच्या कानी असते. त्या कादंबरीत वाळवंटातल्या एका गढीचे शिपाई एकामागून एक पडत जातात, आणि तटावर माणसे कमी झाल्याचे शत्रूस कळू नये म्हणून प्रेतेच बंदुकीसह झरोक्यांशी उभी करून ठेवण्यात येतात. कर्तरीचे कर्मणी करा, 'नो सूनर'ने आरंभ करून पुन्हा लिहा, 'टू' काढून 'सो' घाला, असे हुकूम सोडून आम्ही तीस वर्षे जी वाक्ये फळ्यावर उभी केली, ती कोणी कधी बोललेले नव्हते, कोणी बोलणारही नव्हते. पण लांबून, विशेषतः तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांच्या खुर्चीतून, गढी भरलेली दिसे. साहेब 'समाधानकारक' असा शेरा मारून जेवावयास जात.

सेवानिवृत्तीपूर्वीच्या वर्षी आमच्याकडे तपासणीस आलेल्या गठ्ठ्यात ह्याच कवितेच्या मध्यवर्ती कल्पनेवर एकाने लिहिले होते, की कवीस असा देश हवा आहे जेथे कोणी भीत नाही, पण मला ह्या पेपराची भीती वाटते, म्हणून मी अजून त्या देशात नाही. इंग्रजी मोडके होते. एका वाक्यात क्रियापद नव्हते, दुसऱ्यात दोन होती. गाईड पाठ करून लिहिलेल्या शेकडो उत्तरपत्रिका आम्ही चाळल्या होत्या, आणि कविता वाचलेला मुलगा आम्हांस बहुधा हा एकच भेटला. आम्ही लाल पेन हाती धरून बराच वेळ बसलो. नमुना-उत्तरात अशा मजकुराची तरतूद नव्हती, यमकाची जागा त्याने कोरी सोडली होती, अलंकार चुकला होता, शीर्षक अपुरे होते.

अर्धा गुण दिला. कवीचे नाव त्याने बिनचूक लिहिले होते.