विंडोज अकराची पूर्वतयारी

विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे कित्येक वर्षे आधी जाहीर झालेले असूनही, यवतमाळातील ज्या एका कचेरीत माझे जाणे-येणे असते तेथे या वार्तेचा बोभाटा झाला तो दसऱ्याला संगणकांवर झेंडूच्या माळा चढल्यानंतरच. मग परिपत्रके सुटली, विहित नमुन्यात तक्ते मागविले गेले, आणि बडे बाबूंनी सविनय सादर केले की, नव्या अवतारास किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नामक सुरक्षा-व्यवस्था अपरिहार्य असल्याकारणाने, वैशाखातल्या उन्हात पंख्याविना तगलेली आपली बहुतेक यंत्रे अपात्र ठरत आहेत. धडधाकट चालणाऱ्या वस्तूस निकामी ठरविण्याची ही विद्या वऱ्हाडावर अंमल गाजविणाऱ्या निजामाच्या तालुकदारांनाही साधली नसावी! खरेदीचा प्रस्ताव वर गेला, त्रुटींसह खाली आला. कंपनीने घरगुती ग्राहकांस सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आधीच वाढवून दिली होती. कचेरीने ती आपल्यालाच मिळाल्याचे गृहीत धरून प्रकरण दप्तरदाखल केले.